निजेला धोंडा

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. खरी भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली की डोक्याखाली धोंडा असला तरी चालतो, असा तिचा अर्थ मास्तरांनी शाळेत सांगितला होता. तो आम्ही वहीत उतरवून घेतला, परीक्षेत दोन मार्क मिळवले आणि म्हणीचं खातं बंद केलं. पुढे चाळिशी ओलांडली, मान धरायला लागली आणि ते खातं पुन्हा उघडावं लागलं. बारकाईने तपासल्यावर लक्षात आलं की या म्हणीत दुसऱ्या बाजूचं म्हणणंच नोंदलेलं नाही. धोंड्यावर झोपलेला माणूस सकाळी उठल्यावर काय म्हणाला? त्याची मान त्या दिवशी कुठल्या बाजूला वळत होती? म्हण याबाबत अगदी गप्प आहे.

आमच्या घरात नवी उशी घ्यायचं बरेच दिवस घाटत होतं. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कर्ज मागायला कोणी आला की आधी त्याचा मागचा इतिहास काढायचा. उशी ही तर रोज रात्री आपलं डोकं ठेवून घेणार. तिचा इतिहास नको का बघायला? म्हणून मी उशीची कुंडली मांडायला बसलो आणि पहिल्याच पानावर धोंडा सापडला.

गंमत नाही, खरोखरचा धोंडा. प्राचीन इजिप्तमधली माणसं डोक्याखाली लाकडाचा नाहीतर दगडाचा आधार घेऊन झोपत. खाली बैठक, तीवर एक खांब आणि खांबावर चंद्रकोर. चंद्रकोरीत मान अडकवायची आणि आडवं व्हायचं. १९२२ साली तुतानखामेनची कबर उघडली, तेव्हा सोन्यानाण्याबरोबर असे डोक्याचे आधारही निघाले. त्यातला एक तर हस्तिदंती आहे. खांबाच्या जागी हवेचा देव गुडघे टेकून बसलाय आणि राजाचं डोकं दोन्ही हातांवर तोलायच्या तयारीत आहे. आता बोला! ज्याच्या खजिन्यात अख्खं राज्य, त्यालाही कापसाची उशी सुचली नाही. पण राजाच्या मानेचं दुखणं विचारणार कोण? तो बिचारा विशीच्या आतच गेला. माझ्या मते, मान धरायचं वयच त्याला लाभलं नाही.

चिनी लोक आणखी पुढे गेले. तांग आणि सुंग राजवटींच्या काळात, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, तिकडे चिनी मातीच्या उश्या चालत. आपण ज्यात चहा पितो त्या जातीची भाजलेली, चकचकीत माती. उन्हाळ्यात डोक्याला गार लागते, हा तिचा गुण. जपानी बायका केसांची उंच रचना मोडू नये म्हणून लाकडी पेटीवर मान टेकत. तिथे उशीची नेमणूक झोपेसाठी नव्हतीच, केसांसाठी होती.

चिनी उशीवरची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. आठव्या शतकातल्या शेन चि-चि नावाच्या लेखकाने ती लिहिली. एक गरीब तरुण खाणावळीत बसून नशिबाला बोल लावत असतो. खाणावळवाला चुलीवर भरड धान्य शिजत ठेवतो. तेवढ्यात एक साधू त्या तरुणाला चिनी मातीची उशी देतो आणि म्हणतो, यावर जरा पड. तरुण झोपतो. स्वप्नात त्याचं श्रीमंत घरात लग्न होतं, तो परीक्षा पास होतो, प्रमोशनामागून प्रमोशन घेत थेट मुख्यमंत्री होतो. मग चहाड्या, आळ, हद्दपारी, पुन्हा मानमरातब, मुलंनातवंडं, म्हातारपण आणि शेवटी मरण. डोळे उघडून बघतो तर चुलीवरचं धान्य अजून शिजायचंच आहे! आमच्या बँकेत प्रमोशनची यादी लागते त्या दिवशी मला ही गोष्ट हमखास आठवते. फरक एवढाच, की इथे धान्य शिजून, करपून, भांडंसुद्धा घासून होतं आणि आपलं नाव काही येत नाही.

असो. आपल्याकडे या. 'उशी' हा शब्द संस्कृतातल्या 'उच्छीर्षक' वरून आला. डोकं उंच करते ती. तेवढ्या मोठ्या शब्दाची मराठीने कापूस पिंजावा तशी पिंजून दोन अक्षरं केली. त्यातूनच 'उसं', 'उशाशी', 'उशाला' ही सगळी मंडळी निघाली. उशाची जागा मानाची. महाभारतात दुर्योधन आणि अर्जुन दोघेही मदत मागायला द्वारकेला गेले, तेव्हा श्रीकृष्ण झोपलेले. दुर्योधन आधी पोचला आणि ऐटीत उशाशी जाऊन बसला. अर्जुन मागून आला आणि पायथ्याशी हात जोडून उभा राहिला. डोळे उघडल्यावर आधी दिसला तो पायथ्याचा माणूस. उशाशी बसणाऱ्याला सैन्य मिळालं, पायथ्याला उभ्या राहिलेल्याला देव मिळाला. तेव्हापासून मी बदलीचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो की टेबलाच्या पायथ्याशी उभा राहतो. अजून देव मिळालेला नाही आणि बदलीही नाही.

त्याच महाभारतात उशीचा दुसरा प्रसंग आहे. युद्धाच्या दहाव्या दिवशी भीष्म पडले. सगळं अंग बाणांवर, पण डोकं लोंबकळतंय. राजेलोकांनी धावत जाऊन मऊ मऊ उश्या आणल्या. भीष्मांनी त्या परत पाठवल्या आणि अर्जुनाकडे बघितलं. अर्जुनाने तीन बाण मारून उशी करून दिली. त्या उशीवर भीष्म उत्तरायणाची वाट बघत अठ्ठावन्न रात्री पडून होते. त्यांना झोप लागत होती का, ते व्यासांनी लिहिलेलं नाही. पण तेवढ्या दिवसांत धर्मराजाला त्यांनी जो उपदेश केला, त्याची दोन मोठी पर्वं भरली आहेत. झोपलेला माणूस इतकं बोलत नाही.

उशी झोपायची, तसे लोड आणि तक्के टेकायचे. त्यांचा इतिहास निराळा आणि जास्त भारदस्त. आपल्या मराठीत राज्याच्या आसनालाही गादीच म्हणतात. सातारची गादी, कोल्हापूरची गादी. माणूस गादीवर येतो, गादीवरून उतरतो. सराफ आणि सावकारही पेढीवर पांढरीशुभ्र गादी घालून, लोडाला टेकूनच हुंड्या लिहीत. इटलीत मात्र सावकार बाकावर बसत. तिकडच्या भाषेत बाकाला 'बांका' म्हणतात आणि त्यावरूनच 'बँक' हा शब्द आला. म्हणजे आमच्या धंद्याचं मूळच बाकावर आहे. आपली पेढीच पुढे वाढली असती तर आज मी काउंटरवर मांडी घालून, लोडाला टेकून, "पासबुक परवा न्या हो" असं म्हणत असतो. मान तर मुळीच धरली नसती. एका परकी शब्दाने केवढं नुकसान केलं बघा!

आता मुंबईकडे येतो. मुंबईचा आणि उशीचा संबंध एकाच वस्तूमुळे, ती म्हणजे कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडच्या दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव काही पटींनी चढले. त्या काळच्या हकिगतींत सांगतात की लोकांनी घरातल्या गाद्या आणि उश्या उसवल्या आणि आतला कापूस बाजारात विकला. मला ते दृश्य डोळ्यांपुढे दिसतं. आजोबा संध्याकाळी घरी येतात, अंथरूण बघतात आणि विचारतात, "उशी कुठे आहे?" आजी म्हणते, "लिव्हरपूलला गेली."

पैसा इतका आला की कुठे ठेवावा कळेना. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे बादशहा. कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या योजना निघाल्या, शेअर आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. १ जुलै १८६५ हा व्यवहार चुकते करायचा दिवस होता. त्या दिवशी देणेकऱ्यांची रांग लागली आणि देणाऱ्यांचा पत्ता नव्हता. १८४० साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली. उसवलेल्या उशीवर कर्ज देऊ नये, हा धडा आमच्या धंद्याने तिथे घेतला. प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून मात्र त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. लोकांची झोप उडवून गेलेल्या पैशांतून शेवटी ठोके देणारं घड्याळ झालं, हा हिशेब मला बरोबर वाटतो.

तोवर कापूस नुसता बोटीत भरण्यापेक्षा इथेच कातावा, असं लोकांना सुचलं होतं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी धडधडू लागली. मग परळ, लालबाग, गिरगावच्या पुढे जिकडे तिकडे चिमण्या. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जण राहत. त्या खोलीत सगळे एका वेळी मावायचे नाहीत. पण गिरणीनेच त्याची सोय केली होती. पाळ्या! पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा. अंथरूण एक, उशी एक, डोकी दोन किंवा तीन. उशी कधी गार पडतच नसे.

आमचे बाबा त्यातलेच. रत्नागिरीकडून वयाच्या सतराव्या वर्षी आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. गावाहून येताना गोणीत बांधून सावरीचा कापूस आणला होता. सावर म्हणजे शाल्मली. माघ-फाल्गुनात पानं गळून अंगभर लाल फुलं येतात आणि वैशाखात बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडतो. हा कापूस रेशमासारखा मऊ, पण आखूड आणि गुळगुळीत. त्याला पीळ बसत नाही, सूत निघत नाही. म्हणून तो फक्त उशीत भरायचा. बाबा सांगायचे, "दिवसभर सूत काढायचं आणि रात्री ज्याचं सूत निघत नाही त्यावर डोकं टाकायचं. म्हणून तर झोप लागायची." यंत्रांचा आवाज कानात घुमत असायचा, शेजारी कोणीतरी भजन म्हणत असायचा, पायाजवळून माणसं ये-जा करायची, आणि तरीही भिंतीकडे तोंड केलं की दोन मिनिटांत गाढ. म्हणीतला निजेला धोंडा मी पहिल्यांदा बघितला तो बाबांच्या या हकिगतीत.

उशीची काळजी घेणारा एक माणूसही तेव्हा होता. पिंजारी. खांद्यावर भलीमोठी धनुकली घेऊन, तिची तार टणकारत तो चाळीत शिरायचा. त्या आवाजाने पोरं गोळा व्हायची. गॅलरीत किंवा गच्चीवर बसून तो दबलेला, गोळे झालेला कापूस पिंजायचा. तारेवर लाकडी ठोकळा हाणला की कापूस उसळायचा, आणि तास-दीड तासात डोंगर उभा. गेल्या वर्षीच्या चिंता, तेल, घाम आणि अश्रू यांची धूळ होऊन उडून जायची आणि तीच उशी नवी होऊन परत यायची. या धंद्याला मोठी परंपरा आहे. बगदादला ९२२ साली ज्यांना सुळावर चढवलं त्या सूफी मन्सूर अल-हल्लाजांच्या नावातला 'हल्लाज' म्हणजे पिंजारीच. राजस्थानचे संत दादू दयाळही पिंजारी होते, असं परंपरा सांगते. गुंता सोडवून माणसाला हलकं करायचं काम दोघांनीही पुढे वेगळ्या प्रकारे केलं, एवढंच.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर माणसंही. आई सांगते, बाबांना आयुष्यात पहिल्यांदा सलग आठ तासांची रात्र मिळाली. उशी पूर्ण स्वतःची, वाटेकरी कोणी नाही. सावरीचा कापूस तोच, पिंजून नुकताच आणलेला. आणि बाबा रात्रभर उशी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेले असायचे.

म्हणीत धोंडा आहे, पण धोंड्याखाली काय लागतं ते म्हणीने सांगितलेलं नाही. सकाळी कुठेतरी जायचं आहे आणि महिनाअखेर काहीतरी हातात येणार आहे, एवढी खात्री असली की धोंडा चालतो. ती नसली तर सावर घाला नाहीतर मोरपीस घाला.

पुढे लालबागची खोली विकून आम्ही बोरिवलीला आलो. मुंबईची निम्मी झोप अशीच उत्तरेला सरकली आहे. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, तेव्हा दिवसातून एकच होती. सकाळी ६.४५ ला ती विरार सोडायची आणि संध्याकाळी परत यायची. मधल्या गावांत भातशेती, चिंचा आणि बावडी. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरची बाजू बृहन्मुंबईत आली आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंडही आली. शेतात इमारती उगवल्या. माणशी जागा वाढली, प्रत्येकाला स्वतंत्र उशी आली. पण घर आणि नोकरी यांच्यामध्ये रोज दोन-तीन तासांची लोकल आली. गिरणगावात झोपेला जागा नव्हती, उपनगरात झोपेला वेळ नाही. रात्री जे राहतं ते लोकलमध्ये भरून काढायचं. खिडकीची चौकट, पुढच्याची पाठ, शेजाऱ्याचा खांदा, ही आमची दिवसपाळीची उशी. आमच्या ८.१२ च्या डब्यात एका गृहस्थांचा खांदा इतका लोकप्रिय आहे, की त्यांच्या शेजारची जागा मिळावी म्हणून लोक एक स्टेशन उलटं जाऊन बसतात. बाबांनाही बोरिवलीत नोकरी मिळाली. एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन. म्हणजे पुन्हा रात्रपाळीच, फक्त यंत्राचा आवाज नव्हता. पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते घरी आले, भिंतीकडे तोंड केलं आणि दुपारी दोनपर्यंत घोरले. आईने त्या दिवशी आम्हां भावंडांना मोठ्याने बोलूसुद्धा दिलं नाही.

उपनगरात पिंजाऱ्याची धनुकली फार दिवस ऐकू आली नाही. तिसऱ्या मजल्यावर कापूस उडालेला सोसायटीच्या नियमात बसेना. त्याच्या जागी फोम आला. त्याचाही इतिहास आहे. १९२९ मध्ये इंग्लंडात डनलॉपच्या लोकांनी रबराचा चीक अंडं फेटावं तसा फेटला, त्याला फेस आणला आणि तो फेस घट्ट केला. म्हणून आपल्याकडे फोमची कुठलीही गादी ती डनलॉपची, मग करणारा कोणी का असेना. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं आणि पुढे फेस काढायला झाडाच्या चिकाचीही गरज उरली नाही. फोम पिंजावा लागत नाही, हा त्याचा गुण. फोम पिंजता येत नाही, हा दोष. दबला की टाकायचा.

तरीही कापसाच्या उश्या घराघरांत होत्याच. त्या किती होत्या आणि त्यांत काय होतं, ते मला २०१६ साली कळलं. ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं. ३० डिसेंबरपर्यंत त्या बँकेत भरायच्या होत्या. अंधेरीच्या आमच्या शाखेपुढची रांग रस्त्याचं वळण घेऊन पुन्हा शाखेच्या दाराशी येत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक आजी काउंटरवर आल्या. पिशवीतून त्यांनी चक्क उशी काढली. निळ्या अभ्र्यावर दोन पोपट आणि खाली लाल दोऱ्याने भरलेलं 'गुड नाईट'. शिवण उसवून त्यांनी कापसातून नोटा काढायला सुरुवात केली. सदतीस नोटा, पाचशेच्या. प्रत्येकीला कापसाचे तंतू चिकटलेले. आमच्या नोटा मोजायच्या मशीनला तर ठसकाच लागला. शेवटी हातांनी पुसून मोजल्या. साडेअठरा हजार.

"मुलाला कळवू नका हो साहेब," आजी हळूच म्हणाल्या. "वीस वर्षं साठवलेत."

मी म्हटलं, "आजी, नाही कळवत. तुमचे पैसे आता खात्यात सुरक्षित आहेत. हे पासबुक."

त्यांनी पासबुक उलटंसुलटं केलं. मग उसवलेल्या उशीकडे बघत म्हणाल्या, "आणि आता उशीत काय घालू?"

"पासबुक घाला," मी आपला गमतीने म्हणालो.

"टोचतं हो ते," आजी म्हणाल्या आणि उशी पिशवीत भरून निघून गेल्या.

दीडशे वर्षांपूर्वी याच मुंबईत लोकांनी उशीतला कापूस विकला आणि पैसा घरी आणला. २०१६ मध्ये पैसा काढून दिला आणि कापूस घरी नेला. दोन्ही वेळा बँका होत्याच. पण आजींच्या उशीत जे होतं ते आमच्या कुठल्याच ठेव योजनेत नाही. वीस वर्षं त्या रकमेला एक पैसा व्याज मिळालं नाही, हे कॉमर्सचं म्हणणं मला मान्य आहे. रोज रात्रीची झोप व्याजात धरली तर मात्र हिशेब बदलतो.

असा सगळा इतिहास पदरी घेऊन मी परवा नव्या उशीच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, "मेमरी फोम घ्या साहेब. नासाचा शोध आहे. अंतराळवीर यावरच झोपतात." शोधाची गोष्ट खरी आहे. १९६६ मध्ये नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी हा फोम तयार केला, पण तो विमानातल्या आसनांसाठी, धक्का बसला तर माणूस वाचावा म्हणून. अंतराळात वजनच नसल्यामुळे मान कुठे टेकत नाही आणि उशीची गरजच पडत नाही. थोडक्यात, चांगली उशी हवी असेल तर पृथ्वीवरच राहायला पाहिजे. मी हे सांगितल्यावर दुकानदाराने दोनशे रुपये कमी केले. उशी बावीसशेला पडली.

घरी आल्यावर सगळं कुटुंब तिच्याभोवती जमलं. मध्ये खळगा, दोन्ही बाजूंना उंचवटे, त्यातला एक मोठा, एक लहान.

"अहो, यातली पुढची बाजू कुठली?" सौ.ने विचारलं.

"बाबा, ती आपल्या डोक्याचा आकार लक्षात ठेवते," मुलीने माहितीपत्रक वाचून सांगितलं.

मला बरं वाटलं. बावीस वर्षं एका शाखेत बसून माझा चेहरा कोणी लक्षात ठेवलेला नाही. पण बोट दाबून बघितलं तर खड्डा पडला आणि अर्ध्या मिनिटात भरून आला. म्हणजे स्मरणशक्ती अगदी वरिष्ठांसारखी. काम असेतोवर ओळख.

पहिल्या रात्री तिने नव्या रंगाचा वास दिला. दुसऱ्या रात्री पंखा असूनही गरम झाली. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ऊब धरून ठेवतो. ज्या देशांत हिवाळा असतो तिथे हा गुण असेल, बोरिवलीच्या एप्रिलमध्ये तो विचार करायला लावतो. तिसऱ्या रात्री मानेचं दुखणं खरोखर कमी झालं, हे मी नोंदवून ठेवतो. चौथ्या रात्री दुसऱ्या दिवशीचं ऑडिट आठवलं आणि पहाटे साडेतीनपर्यंत मी मान अजिबात न दुखता जागा होतो.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाबांना जाऊन दहा वर्षं झाली. तिच्या डोक्याखाली अजून बाबांची सावरीची उशी असते. दर वैशाखात ती गच्चीत उन्हाला ठेवते आणि संध्याकाळी काठीने झोडपून, फुगवून आणते. नव्या उशीची किंमत तिने विचारली, ऐकली आणि म्हणाली, "एवढा तर तुझ्या बाबांचा वर्षाचा बोनस नसायचा." मग जरा दाबून बघून म्हणाली, "मऊ आहे हो. वाया घालवू नका."

वाया जाऊ नये म्हणून आमच्याकडे आता एक पद्धत पडली आहे. ती कोणी ठरवली नाही, आपोआप पडली. दुसऱ्या दिवशी ज्याचं काही कठीण असेल, त्याला आदल्या रात्री नवी उशी मिळते. ऑडिटच्या आठवड्यात ती माझ्याकडे होती. महिन्याच्या शेवटच्या तारखांना सौ.कडे जाते, कारण घरखर्चाची वही तिच्याकडे असते. आईचे डोळे तपासायचे होते त्या रात्री मुलीने ती आजीच्या उशाशी नेऊन ठेवली. आजीने ती रात्रभर बाबांच्या उशीवर ठेवली, त्यामुळे सकाळी ती बसूनच उठली. झोप मात्र लागली म्हणाली. लालबागच्या खोलीतल्यासारखी आमची उशी पाळ्यांत फिरते आहे आणि कधी गार पडत नाही.

सध्या ती दहावीत आहे.